क्लावदियाच्या जागी

हेडफोन कानाला लावला आणि वासिफला स्वतःचाच आवाज ऐकू आला. त्याने हेडफोन काढला, उलटसुलट करून पाहिला आणि पुन्हा लावला. वजनकाट्याने भलताच आकडा दाखवला की माणूस उतरून परत चढतो, तसं. आवाज त्याचाच होता. बावीस वर्षं दुसऱ्यांचे आवाज कापण्याजोडण्यात गेलेल्या माणसाला आपला आवाज अनोळखी राहत नाही. समोर प्रदर्शनाच्या हॉलमधली काळी भिंत होती, भिंतीवर ओळीने टांगलेले चाळीसेक हेडफोन, प्रत्येकाखाली पितळी पाटी. याच्या पाटीवर इंग्रजीत आणि अरबीत लिहिलं होतं : इंग्रियन. रशिया, फिनलंडच्या आखाताचा दक्षिण किनारा. बोलणारे शंभराहून कमी, बहुतेक सारे वृद्ध. वर ती भाषा बोलणाऱ्या क्लावदियाचा फोटो, डोक्याला रुमाल, ओठ घट्ट मिटलेले. आणि कानात श्रीवर्धनचा एक माणूस कोकणीत सांगत होता, ‘मना सकालीच फोन आयला. भाव बोल्ला, जुम्म्याची नमाज झाली का दफन करताव. मी बोल्लू, मी निगतंय, वाईच थांबा. थांबतंय कोन?’

मागे रांग होती म्हणून तो बाजूला झाला. त्याच्या जागी एक गोरी बाई आली. तिने हेडफोन लावला, पाटी वाचली, डोळे मिटले आणि मान किंचित कलती केली. लोक कबरीसमोर करतात तसा चेहरा तिने केला. वासिफ तिच्याकडे बघत उभा राहिला. या क्षणी या बाईच्या कानात आपली आय मरते आहे, आणि या बाईला ती बाल्टिकच्या किनाऱ्यावरची कुठलीशी लोककथा वाटते आहे. बाईने डोळे उघडले, शेजारच्या नवऱ्याला म्हणाली, ‘सो ब्यूटिफुल. सो सॅड.’ वासिफला हसूच आलं. चार वाजता क्लावदिया येणार होती. तिचा नातू दिमा तिला गाडीत घालून दुबईहून अबुधाबीला घेऊन निघालाही असेल. ती काय ऐकायला येते आहे ते वासिफला माहीत होतं. तिने फक्त एकच गोष्ट मागितली होती, आणि ती मागताना तिने वासिफकडे बघून मागितली होती, प्रदर्शन मांडणाऱ्या हेमाकडे नाही, नातवाकडे तर नाहीच.

दुबईतल्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या ज्या स्टुडिओत वासिफ काम करतो तिथे असली कामं येत नाहीत. तिथे बँकांच्या फोनवरचं ‘हिंदी के लिए दो दबाएँ’ होतं, मॉलमधल्या सूचना होतात, जबल अलीच्या गोदामांत कामगारांना हेल्मेट घाला म्हणून सांगणाऱ्या फिती होतात, हिंदीत, उर्दूत, मल्याळममध्ये, बंगालीत, नेपाळीत. मराठी कधी येत नाही आणि कोकणीचं तर नावच काढू नका. रायगडच्या किनाऱ्यावरच्या मुसलमानांची कोकणी, गोव्याची नव्हे, हे कंस उघडून सांगावं लागतं इतकं तिचं नाव मोठं. वासिफ काचेच्या अलीकडचा माणूस. त्याचा आवाज कशातच नसतो. काचेपलीकडच्या आवाजातला श्वास काढायचा, लाळेचा आवाज काढायचा, दोन शब्दांमधली पोकळी भरायची नाहीतर छाटायची, हे त्याचं काम. हेमा आली ती मार्चमध्ये. एका सांस्कृतिक प्रदर्शनाचा मजकूर बघणाऱ्या कंपनीत होती, मूळची नाशिकची. त्याचं आडनाव ऐकून ती आधी हिंदीत बोलली, मग तो मराठीत उत्तर देतोय म्हटल्यावर डोळे मोठे करून म्हणाली, ‘अय्या, तुम्ही किती छान मराठी बोलता!’ हे वाक्य वासिफने इतक्या लोकांकडून ऐकलंय की त्याचं ‘थँक्यू’ आता आपोआप निघतं, लिफ्टचं दार उघडावं तसं. सहावी ते दहावी तो मराठीत पहिला येत होता हे कोणाला सांगत बसणार. सांगितलं तर आणखी कौतुक होतं, आणि ते जास्त लागतं.

तर हेमाला चाळीस मरत्या भाषांचे तीस-तीस सेकंद हवे होते. बाकीचे आवाज ठिकठिकाणच्या संग्रहांतून विकत घेतले होते, पण एक बोलणारी चक्क दुबईत सापडली म्हणून हेमा हरखली होती. युद्ध सुरू झाल्यावर जे रशियन इकडे आले त्यांत दिमा होता, कॉम्प्युटरमधला. आजीला एकटी ठेवता येईना म्हणून तिलाही घेऊन आला. आजी शहाऐंशी वर्षांची. पहिल्या रविवारी ती काचेपलीकडे बसली तेव्हा हेमाने कागद पुढे केला. पाणी, मासा, नदी, आई, एक ते दहा. दिमाने रशियनमध्ये सांगितलं. बाई गप्प. हेमा म्हणाली, कम्फर्टेबल नसतील, ज्यूस मागवू. ज्यूस आला, बाईने तो प्यायला, तोंड पुसलं आणि दिमाला काहीतरी म्हणाली. दिमा लाजल्यासारखा हसला. ‘शी सेज, फिश कोणाला म्हणू? हू अॅम आय सेइंग इट टू?’

हळूहळू दिमाकडून त्याच्या इंग्रजीतून कळत गेलं, खाली कॅफेटेरियात कडक चहा पिताना, तेही तुकड्यातुकड्याने. तो हे सगळं दुसऱ्या कुणाच्या घरचं सांगावं तसं सांगायचा. एके काळी त्या लोकांना लिपी दिली गेली, शाळेत त्यांच्या भाषेत पुस्तकं आली. पाचेक वर्षं चाललं आणि मग एका साली ती पुस्तकं परत गोळा केली. क्लावदियाच्या आईने घरातलं पहिलीचं पुस्तक चुलीत घातलं, कुणाला सापडू नये म्हणून. मग लढाई आली, माणसं जहाजांनी फिनलंडला नेली, लढाई सरताना परत आणली, पण आगगाडी त्यांच्या गावाकडे गेलीच नाही, भलतीकडेच गेली. पांगवली. कित्येक वर्षांनी परतले तेव्हा घरात दुसरे राहत होते. शाळेत तोंडातून चुकून शब्द गेला की पोरं हसायची. म्हणून क्लावदियाने आपल्या मुलीशी ती भाषा कधी काढली नाही, रशियनच बोलली. राहिली ती बहीण, नास्त्या. लग्नं झाली, नवरे गेले, दोघी रोज फोनवर बोलायच्या. क्लावदिया दुबईत आल्यावरही. गेल्या हिवाळ्यात नास्त्या गेली. ‘त्यानंतर ती बोललीच नाही,’ दिमा म्हणाला. ‘आय मीन, रशियन बोलते. दुसरं नाही.’ मग त्याने खांदे उडवले. मला येत नाही, मी काय करू, असे ते खांदे. वासिफने ते खांदे घरीही बघितलेत.

वासिफच्या घरी हे बायकोने, हाफिजाने केलं, तिच्या परीने पोरीच्या भल्यासाठीच. कशफ दोन वर्षांची होती, दुबईतल्या करामाच्या त्या एका खोलीतल्या घरात. हाफिजा महाडची, चांगली बारावी झालेली, तिने एक दिवस जाहीर केलं की पोरीसमोर कोकणी बंद. ‘बच्ची के सामने वो मच्छीवाली जबान मत बोला करो. उर्दू बोलो. आपण मुसलमान आहोत की नाही?’ हे शेवटचं वाक्य मात्र तिच्या तोंडून मराठीतच निघालं होतं. आपल्या लोकांतच हा किडा आहे. गल्फमध्ये आला की रत्नागिरी-रायगडचा माणूस पहिल्यांदा घड्याळ घेतो आणि दुसऱ्यांदा उर्दू. आणि ती उर्दू कसली, तर मुंबईच्या टॅक्सीवाल्याची. शेजारच्या हैदराबादी बाया तोंडाला ओढणी लावून हसायच्या. पोरगी हुशार. तिने बघितलं, की आईबापांना ही भाषा नीट येत नाही आणि ती दुसरी बोलायची चोरी आहे. तिने दोन्ही सोडल्या आणि इंग्रजी धरली. आता कोकणी त्या घरात फक्त भांडताना निघते, बेडरूमचं दार लावून, कारण भांडणाला उर्दू पुरत नाही. आय तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर आली होती तेव्हा आजी आणि नात समोरासमोर सोफ्यावर बसून एकमेकींकडे बघून हसायच्या. दुसरं करणार काय. जाताना विमानतळावर आय म्हणाली, ‘पोर ग्वाड हाय तुजी. पन मुकी हाय.’ वासिफने तेव्हा ते हसण्यावारी नेलं. आता कधीकधी गाडी चालवताना ते वाक्य येतं आणि तो रेडिओ मोठा करतो.

दुसऱ्या रविवारीही बाई गप्प होती. तेव्हा वासिफला सुपारी आठवली. श्रीवर्धनला अंगणात सुकवलेली सुपारी सोलायला चारपाच बाया बसायच्या, आणि हात चालू ठेवायचे तर कोणीतरी कहाणी सांगायची. पण कहाणीला हुंकार लागतो. सांगणाऱ्याने वाक्य टाकलं की ऐकणाऱ्याने ‘हूं’ म्हणायचं. म्हटलं नाही की आय तिथेच थांबायची, राजाचा घोडा नदीत असला तरी. पुढचं काही केल्या सांगायची नाही. ‘भितीला काय सांगू?’ वासिफ काचेच्या आत गेला. हेडफोन बाईला सहन होत नव्हते, म्हणून तिच्याशी बोलायचं तर समोरच बसायला हवं. त्याने खुर्ची ओढली. धंद्याची सवय म्हणून आपल्या कॉलरला एक वेगळा माइक लावला. आपला आवाज स्वतंत्र फितीवर घ्यायचा म्हणजे नंतर तिच्या फितीतून तो वजा करता येतो. स्वतःला पुसून टाकता यावं म्हणून त्याने स्वतःचं रेकॉर्डिंग केलं. हेमाने काचेबाहेरून काय म्हणून हात केला. वासिफने बाईकडे बघितलं आणि म्हणाला, ‘हां. सांग.’

बाईने रुमालाची गाठ सैल केली. मग एक वाक्य बोलली आणि थांबली. तो म्हणाला, ‘हूं.’ तिने दुसरं टाकलं. ‘मंग?’ तिसरं. ‘मंग काय झाला?’ तिच्या तोंडाच्या कडेला सुरकुत्या पडल्या. याला ओ की ठो कळत नाही हे तिला स्वच्छ कळत होतं, पण ती थांबायला तयार नव्हती. बोलता बोलता तिचे हात वर आले, जाळं ओढल्यासारखे, मग होडी कलंडल्यासारखे. नास्त्या, नास्त्या, असं मध्ये मध्ये यायचं. ती तासभर बोलली. खोकायची, पाणी प्यायची, परत बोलायची. काचेबाहेर हेमाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. खरंच आलं होतं, उगाच कशाला नाकारा. संपल्यावर बाईने दिमाला बोलावून घेतलं आणि वासिफकडे बोट करून काहीतरी सांगितलं. दिमा म्हणाला, ‘तिची एक कंडिशन आहे. तिच्या बहिणीचं नाव ऐकू आलं पाहिजे. त्या हॉलमध्ये. नास्त्या होडीतून पडली ती गोष्ट. तिला स्वतः येऊन ऐकायची आहे.’ वासिफ म्हणाला, ‘इन्शाल्ला.’ इथल्या ऑफिसात या शब्दाचा अर्थ होतो की होणार नाही. त्याने तो तसा वापरला नव्हता. पण शब्द तर तोच होता.

तिसऱ्या रविवारी काय झालं ते वासिफने कोणाला सांगितलेलं नाही. बाई बोलून थकली. आणि मग ‘तू’ असा हात केला. तू सांग. दिमा खाली गेला होता, हेमा फोनवर होती. आणि वासिफ सांगत सुटला. आय गेली तेव्हा मी इथे होतो. भावाचा फोन आला, शुक्रवारच्या नमाजनंतर दफन. मी विमानतळावर पोचलो तेव्हा तिकडे माती देत होते, भाच्याने फोन वर धरला होता, आणि मी चेक-इनच्या रांगेत उभा राहून आपल्या आयची माती बघितली. पुढचा माणूस वळून म्हणाला, भाई, व्हॉल्यूम कम करो. मी कमी केला. कसा कमी केला मी? हे सगळं त्याने त्या बाईला कोकणीत सांगितलं. हाफिजाला सांगितलं नव्हतं, कारण हाफिजाला सांगायचं तर उर्दूत सांगावं लागलं असतं, आणि उर्दूत ते कोरड्या धड्यासारखं झालं असतं. बाई समोर बसून हुंकार देत होती, तिच्या पद्धतीचा, नाकातून आत ओढलेला एक लहानसा आवाज. कॉलरचा माइक चालू होता. त्याने दोन्ही फिती पाठवून दिल्या, कारण करारात कच्चा माल द्यायचा असं होतं.

आता त्यातलाच मधला तुकडा भिंतीवर होता. वासिफने हेमाला गाठलं तेव्हा ती गर्दीत, रेशमी साडीत, हातात वॉकीटॉकी, डोळ्यांखाली काळं. तीन रात्री ती झोपली नसावी.

‘हेमाताई, इंग्रियनवर क्लावदियाबाई नाहीयेत.’

‘म्हणजे? ब्लँक आहे का? अरे देवा.’

‘ब्लँक नाही. मी आहे.’

‘म्हणजे, तुम्ही इंग्रियन बोलताय?’

‘मी कोकणी बोलतोय.’

हेमाने जाऊन ऐकलं. ऐकताना तिच्या कपाळावर आठी पडली आणि मग ती आठी हळूहळू सुटली. ते बघून वासिफला कळलं की काम होणार नाही. ‘सॉफ्टवेअरने क्लीन ट्रॅक उचलला असणार हो,’ ती म्हणाली. ‘त्यांच्या ट्रॅकवर तो खोकला, श्वास, खुर्ची... तुमचा एकदम स्टुडिओ क्वालिटी. चाळीस भाषा आहेत, वासिफ, ऐकून कोणाला कळणार होतं कुठली कुठली ते? आम्ही फक्त लेव्हल चेक केली.’

‘बदलू या ना. माझ्या लॅपटॉपवर आहे फाइल. पाच मिनिटांचं काम.’

‘आत्ता? व्हीआयपी आत आहेत. सिस्टीम लॉक आहे, व्हेंडरच्या परवानगीशिवाय मला हात लावता येत नाही. फेज टूमध्ये करू. नक्की.’

‘त्या चार वाजता येतायत.’

‘येऊ देत ना. त्यांचा फोटो आहे वर, आपण बुके देऊ, व्हीलचेअर पुढे घेऊ. त्यांना हेडफोन सहन होत नाहीत, तुम्हीच म्हणाला होतात.’ मग ती आवाज खाली आणून म्हणाली, ‘मला वाईट वाटत नाही असं समजू नका. मी मिहिकाला दर शनिवारी मराठीच्या क्लासला सोडते, पार शारजाला. मला कळतं हो. पण ऑनेस्टली सांगा, इथे कोणाला कळणार आहे?’

ती बरोबर बोलत होती. या सगळ्या देशात ज्याला कळेल असं माणूस एकच होतं. एका माणसाची चूक झाली तर तिला चूक कोण म्हणतं. तो परत भिंतीपाशी आला. हेडफोनची वायर खाली एका पट्टीआड जात होती, बोट घालून ओढली की खलास, आवाज बंद, मग त्यांना काहीतरी करावंच लागलं असतं. त्याने बोट घातलंही. तेवढ्यात एक सुदानी म्हातारा आला, त्याने हेडफोन लावला आणि तुकडा संपेपर्यंत ऐकला. मग पुन्हा सुरू झाल्यावर पुन्हा ऐकला. त्याचे ओठ हलत होते. वासिफने बोट काढून घेतलं. स्वतःशी खोटं कशाला बोला. त्याला बरं वाटत होतं. जन्मात पहिल्यांदा तो काचेच्या पलीकडे होता. माणसं डोळे मिटून त्याचं ऐकत होती, भले दुसऱ्याच्या पाटीखाली का असेना. आपली बोली आपल्या नावाने इथे आली असती तर तिला भिंत मिळाली नसती. तिचे बोलणारे अजून पुष्कळ आहेत म्हणे. पुष्कळ! कुठे आहेत? जे आहेत ते सगळे आपापल्या पोरांशी उर्दू बोलतायत. आणि या विचाराबरोबरच त्याला स्वतःची शिसारी आली, कारण एक म्हातारी चांगला रुमाल बांधून बहिणीचं नाव ऐकायला निघाली होती आणि हा तिच्या जागेवर बसून खूश होत होता.

कशफ आली साडेतीनला, मैत्रिणीच्या गाडीतून. अबुधाबीतच शिकते, हॉस्टेलवर असते. त्याने हाफिजाला बोलावलं नव्हतं, आणि आता त्याला त्याबद्दल सुटल्यासारखं वाटलं. त्याने काही सांगायच्या आधीच कशफने हेडफोन उचलला. ऐकता ऐकता ती हसली. ‘अब्बू, दिस साउंड्स लाइक यू अँड ममा फायटिंग.’ मग तिचं हसू थांबलं. पोरगी मठ्ठ नाही. ‘वेट. इज दॅट यू?’

‘हां. चुकून लागलंय.’

‘ओ माय गॉड. दे पुट यू ऑन द डेड लँग्वेज वॉल!’ तिने फोन काढून पाटीचा फोटो घेतला, मग त्याचा घेतला, मग पाटीसकट त्याचा. तिला मनापासून गंमत वाटत होती, आणि त्या गमतीत प्रेमही होतं, तेच जास्त कठीण. मग तिने हेडफोन पुन्हा कानाला लावला आणि यावेळी नीट ऐकलं. ‘यू साउंड डिफरंट. व्हॉट आर यू सेइंग?’

‘कुछ नहीं,’ तो म्हणाला. ‘माइक टेस्टिंग.’

‘फॉर थर्टी सेकंड्स?’

‘हां.’

तिने हेडफोन परत जागेवर टांगला. एक शब्द, दोन शब्द तिला कळले असतील का? नमाज, दफन? हे शब्द तर उर्दूतही आहेत.  त्याने सांगितलं नाही. सांगायचं तर कशात सांगायचं, इथपासून सुरुवात करावी लागली असती.

चारला पाच-सात मिनिटं असताना क्लावदिया आली. व्हीलचेअरवर, निळा फुलाफुलांचा रुमाल, ओठांना चक्क लाली. हेमाने बुके दिला, फोटोवाले पुढे सरसावले, कोणीतरी ‘लास्ट स्पीकर’ म्हणालं आणि कोणीतरी ‘वन ऑफ द लास्ट’ अशी दुरुस्ती केली. बुके तिने मांडीवर आडवा टाकला आणि हेडफोनकडे हात केला. दिमा म्हणाला, तुला त्रास होईल. तिने हात खाली घेतला नाही. वासिफ तिच्या समोर जाऊन उभा राहिला. आपण आधीच सांगावं, आत्ता, असं त्याला वाटलं, पण सांगायचं ते दिमातर्फे, इंग्रजीतून रशियनमध्ये, कॅमेऱ्यासमोर.  तिने हेडफोन लावला.

तुकडा संपला. ती थांबली. पुन्हा सुरू झाला, पुन्हा संपला. ती तिसऱ्यांदाही ऐकत होती, डोळे उघडे, नजर पाटीवर. ती कुठल्या शब्दाची वाट बघते आहे ते वासिफला दिसत होतं. मग तिने हेडफोन काढून मांडीवर बुकेजवळ ठेवला आणि दिमाला दोन शब्द म्हणाली.

‘शी इज आस्किंग, व्हेअर इज नास्त्या.’

‘मिस्टेक झाली,’ वासिफ म्हणाला. ‘सांग तिला, सॉफ्टवेअरने चुकीची फीत घेतली. माझी चूक नाही... माझीही आहे. तिची सगळी फीत आहे माझ्याकडे, सगळी, मी स्वतः...’ तो मराठीत बोलतोय हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याने तेच इंग्रजीत सांगितलं, तेव्हा ते अर्ध्याहून कमी झालं. दिमाने आणखी थोडं कमी करून रशियनमध्ये सांगितलं. ती ऐकत होती. मग ती बोलायला लागली आणि दिमा नजर खाली घालून सांगू लागला. ‘ती म्हणते, भिंत मेलेल्यांची आहे. मी अजून जिवंत आहे आणि बाहेर बसलेय. तू आत कसा गेलास?’

कोणीतरी हसलं. हेमा घाईने म्हणाली, ‘शी हॅज सच अ सेन्स ऑफ ह्यूमर!’

‘ती विचारते, ही तुझी भाषा, तुझ्या घरी कोण बोलतं?’

प्रश्न साधा होता. वासिफने कशफकडे बघितलं. कशफ फोन हातात धरून उभी होती, रेकॉर्ड करत.

‘सगळे,’ वासिफ म्हणाला. ‘एव्हरीबडी.’

दिमाने सांगितलं. क्लावदियाने वासिफच्या नजरेमागोमाग पोरीकडे पाहिलं. नाक तेच, कपाळ तेच, ओळखायला काय लागतं. तिने कशफकडे हनुवटी केली आणि दिमाला म्हणाली ते कोणी भाषांतर न करताही कळलं असतं. तरी दिमाने केलं. ‘शी सेज, मग ही बोलू दे. आय वाँट टू हिअर.’

‘मी?’ कशफ म्हणाली. ‘अब्बू, व्हॉट डज शी वाँट मी टू से?’

आता कॅमेरे कशफकडे वळले. हेमाने टाळी वाजवून म्हटलं, ‘यल्ला, लव्हली, थ्री जनरेशन्स!’ कसल्या तीन पिढ्या हे तिचं तिलाच माहीत. वासिफने तोंड उघडलं. पोरीच्या तोंडात घालायला एक वाक्य हवं होतं, एकच, कुठलंही. आजवर तिला द्यायचं राहिलेलं इतकं होतं की त्यातून एक काढता येईना. पाणी, मासा, नदी. आणि मग त्याने खाली वाकून तिच्या कानात सांगितलं. आखातातून बॅगा घेऊन गेलं की फाटकातूनच आपण आल्याचं ओरडायचं, ते.

‘आय, मी आयलू,’ कशफ म्हणाली.

म्हणाली म्हणजे उच्चारलं. ‘आय’ इंग्रजी झाला आणि ‘आयलू’चा शेवट वर गेला, प्रश्नासारखा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशफ लाजली. फोटोवाला म्हणाला, मॅडम, वन्स मोअर, लुकिंग हिअर प्लीज. कशफने केस मागे घेतले, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि पुन्हा म्हणाली, या खेपेला जास्त चांगलं, हसत. पुन्हा टाळ्या पडल्या. वासिफनेही वाजवल्या, हात रिकामे कुठे ठेवायचे म्हणून.

क्लावदियाने वाजवल्या नाहीत. तिने मांडीवरचा हेडफोन उचलला, रुमाल कानामागे सारला आणि तो पुन्हा लावला. हेमा तिच्यापुढे वाकून काहीतरी विचारायला लागली. म्हातारीने हात वर केला, काहीतरी म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

‘प्लीज,’ दिमा सगळ्यांना म्हणाला. ‘शी सेज, गप्प बसा. तो माझ्याशी बोलतोय.’